एक पावती, एकतीस खुंट्या : लालबागमधल्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग आणि काळाचौकीच्या मधल्या एका गल्लीत ही चाळ होती. तळमजला अधिक तीन मजले, ५४ खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला ८ दुकानं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. मी रहिवाशांच्या कमिटीचा आर्किटेक्ट होतो. त्यामुळे हे त्रयस्थाचं निवेदन नाही, आणि पुढे ज्या चुका येतील त्यातली सगळ्यात महागडी माझीच आहे.

ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी आणि गिरण्यांत राबणाऱ्या माणसांनी भरून गेला. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायला हवं, म्हणून गिरण्यांच्या भिंतींना लागून चाळी उभ्या राहिल्या. आमची चाळ त्यातलीच. सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांचं भरण, वर मंगलोरी कौलं. खोली १० बाय १२ फुटांची, आत एक मोरी, बाहेर चार फुटी गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून चार संडास.

अशा इमारती का खंगल्या हे गिरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. पन्नास-साठ रुपये भाड्यात मालक कौलं बदलेना आणि भाडेकरू तेवढ्या भाड्याची जागा सोडेना. १९६९ च्या कायद्याने उपकर म्हणजे सेस आला, दुरुस्ती मंडळ आलं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात गेल्या. आमची चाळ ‘अ’ वर्गातली. बोलीभाषेत ‘सेसची बिल्डिंग’.

तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली जरा वेगळी होती. राजापूर तालुक्यातल्या एका गावाची ती खोली. गिरणगावात अशा शेकडो खोल्या होत्या. गावच्या माणसांनी वर्गणी काढून एक खोली घ्यायची, आणि बायकापोरं गावी ठेवून आलेल्यांनी तिथे पाळीपाळीने झोपायचं. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरची एक खुंटी. जेवण शेजारच्या खानावळीत. गणपतीला आणि शिमग्याला खोली रिकामी. चाळीत सगळे तिला ‘गाववाल्यांची खोली’ म्हणत.

भाडेपावती मात्र एकाच्याच नावावर होती. त्या गावचा एक माणूस एका गिरणीत साचाखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता. मालक त्याला ओळखत होता, म्हणून पावती त्याच्या नावाने फाटली. तो १९७१ मध्ये वारला. पावती त्याच्याच नावाने फाटत राहिली आणि भाडं गाववाल्यांच्या मंडळाच्या वर्गणीतून जात राहिलं. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातले बहुतेक परत साच्यावर उभे राहिले नाहीत. खोलीतली गर्दी ओसरली, पण खोली बंद पडली नाही. गिरणी कामगारांच्या जागी कुरिअरवाले, सुरक्षारक्षक, हॉटेलातली पोरं आली. शिवाय केईएम आणि टाटा रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर. गावातून कुणी उपचाराला आलं की पेशंट आणि सोबतचा माणूस याच खोलीत उतरायचा. गेल्या वीस वर्षांत खोलीचा खरा उपयोग हाच होता.

आजूबाजूचं सगळं तोवर बदललं होतं. गिरण्यांच्या जमिनींची तीन भागांत वाटणी करायचं १९९१ च्या नियमावलीत ठरलं होतं : एक भाग मोकळ्या जागांना, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतर टॉवर भराभर उगवले. लोअर परळच्या एका मॉलमध्ये जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे, तिच्याखाली लोक फोटो काढतात. चिमणी राखून ठेवण्याजोगी असते हे सगळ्यांना पटतं. त्या चिमणीखालचा माणूस जिथे झोपायचा त्या खोलीचं नाव मात्र वारसा यादीत घालावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

अडचण

२०१२ च्या जुलैत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा नऊ-दहा फुटांचा तुकडा पहाटे खाली आला. पावसामुळे गॅलरीत कुणी झोपलेलं नव्हतं, एवढंच नशीब. आठवडाभरात लाकडी टेकू लागले. तळमजल्यावरच्या दोन दुकानांच्या दारातच टेकू आल्याने गिऱ्हाईक वाकून आत जायचं.

त्या घटनेने चाळीत दोन तट पडले. म्हाताऱ्यांना दुरुस्ती हवी होती. तरुणांना, आणि विशेषतः घरातल्या बायकांना, घरातला संडास हवा होता. ही मागणी मी कधीच हलकी मानली नाही. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाईला जुन्या लाकडाचं सौंदर्य सांगायला जाऊ नये.

२०१३ मध्ये एक बिल्डर दारात आला. तोवर चाळीची तब्येत नेमकी कशी आहे, हे आमच्यापैकी कुणीच नीट तपासून घेतलेलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दुरुस्तीचा. दुरुस्ती मंडळ प्रति चौरस मीटर ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च करतं, त्यावरचा खर्च रहिवाशांनी सोसायचा. कमिटीच्या बैठकीत या पर्यायाला पंधरा मिनिटंही मिळाली नाहीत. “आज गॅलरी, उद्या जिना,” असं एकजण म्हणाला आणि विषय संपला.

दुसरा, रहिवाशांनीच जमीन घ्यायची. म्हाडा कायद्याच्या आठ-अ प्रकरणात ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन उपकरप्राप्त मालमत्ता संपादित करून घेण्याची तरतूद होती. कागदावर याच्याइतकं चांगलं काही नव्हतं. पण मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिलं होतं आणि प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे अडकून पडलं होतं. (त्या पीठाचा निकाल लागला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये.) पडक्या इमारतीत बसून त्याची वाट पाहणं कुणाला परवडणार?

तिसरा, समूह पुनर्विकास. विकास नियमावलीच्या विनियम ३३(९) खाली शहर भागात किमान ४,००० चौरस मीटरचा तुकडा लागतो. आमचा भूखंड ८०० चौरस मीटरच्याही आत. शेजारच्या चार चाळी एकत्र आल्या असत्या तर जमलं असतं. मध्ये अंगण, थोडा उजेड, रांगेत बसवलेल्या इमारती असं काहीतरी आखता आलं असतं. दोन बैठका झाल्या. एका चाळीचे मालक सात, त्यातले तीन परदेशी. तिथेच घोडं अडलं.

उरला चौथा, ३३(७). एकट्या भूखंडाचा पुनर्विकास, ७० टक्के रहिवाशांची संमती, प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा. त्या बदल्यात बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, आणि त्याने ते खुल्या बाजारात विकायचं. १२० फुटांच्या खोलीत सहाजण झोपणाऱ्या कुटुंबाला ३०० फूट म्हणजे काय, हे आकड्यातच दिसतं.

निर्णय कसे झाले

६२ गाळ्यांपैकी ४४ जणांची संमती पुरेशी होती, ४७ मिळाल्या. यात चौदा महिने गेले, आणि जवळजवळ सगळा वेळ ३०० चे ३२५ करून घेण्यात गेला. पंचवीस फुटांसाठी कमिटीने अकरा बैठका घेतल्या, एकदा बिल्डरला दारातून परत पाठवलं आणि शेवटी जिंकली. मला तेव्हा याचा अभिमान वाटला होता. आता वाटतं की आम्ही सगळी ताकद मोजता येणाऱ्या गोष्टीवर खर्च केली.

खोल्यांची मोजणी मीच केली. नियमाप्रमाणे भिंतीच्या आतलं क्षेत्र मोजायचं. गॅलरी सामायिक, म्हणून ती कुणाच्याच खात्यात धरायची नाही. प्रत्येक मजल्याला नव्वद फूट लांब गॅलरी होती. तिथे पापड वाळायचे, अभ्यास व्हायचा, उन्हाळ्यात निम्मी चाळ झोपायची. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर गाववाल्यांच्या खोलीत टेप लावला तेव्हा आत चौघे होते. एक रात्रपाळी करून झोपलेला, दोघे गप्पा मारत बसलेले, आणि एका म्हाताऱ्या बाईला घेऊन केमोथेरपीसाठी आलेला तिचा जावई. ट्रंका फळीवर रचलेल्या. कोपऱ्यात कापडात बांधलेला मृदंग. पूर्वेच्या भिंतीवर एक लांब फळी आणि तिच्यावर ओळीने लाकडी खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली तैलरंगात एक आडनाव आणि वाडीचं नाव. काही नावांवर दुसरा हात फिरवून नवीन नावं लिहिली होती, जुनी खालून दिसत होती. मी मोजल्या : एकतीस. तक्त्यात लिहिलं : ११८ चौरस फूट, वापर निवासी.

“साहेब, खुंट्या लिहिल्यात काय?” त्यातल्या एकाने हसत विचारलं. मीही हसलो.

खरा प्रश्न पात्रतेच्या यादीवेळी आला. १३ जून १९९६ नंतर झालेले भाडेकरू धरत नाहीत, म्हणजे त्याआधीचा ताबा दाखवावा लागतो. त्याला भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादी हे पुरावे. पावती १९७१ साली वारलेल्या जॉबरच्या नावाने. वीजबिलही त्याच्याच. त्याचा नातू डोंबिवलीला राहत होता आणि तो वारस म्हणून पुढे आला. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटत होतं की आजोबांची खोली म्हणजे आपली खोली. गाववाल्यांना वाटत होतं की आपण ऐंशी वर्षं भाडं भरलं, म्हणजे खोली गावाची. दोघांचंही खरं होतं, आणि कागदाला एकच नाव हवं होतं.

कमिटीपुढे तीन वाटा होत्या. नातवाचं नाव लावायचं. किंवा मंडळाचं नाव लावायचं, पण मंडळाची नोंदणीच नव्हती, आणि आता केली असती तर ती १९९६ नंतरची ठरली असती. किंवा १९९६ पूर्वीपासून तिथे राहणाऱ्यांची नावं, मतदार यादीत होती तेवढी, एकत्र लावून सुनावणीला सामोरं जायचं. या तिसऱ्या वाटेत धोका होता. प्रश्न उपस्थित झाला की मालक “मूळ भाडेकरू वारला, कायदेशीर वारस कुणीच तिथे राहत नव्हता, खोली माझी” असं म्हणू शकला असता. शिवाय वाद म्हणजे यादी अडकणार, यादी अडकली की एनओसी (ना-हरकत पत्र) अडकणार, आणि बाकी ६१ जण गाववाल्यांना शिव्या घालणार.

मी सुचवलं की नातवाचं नाव लावू आणि नातू व मंडळ यांच्यात स्टँप पेपरवर एक समजूतपत्र करू : खोली मंडळाच्या वापरात राहील, देखभाल खर्च मंडळ देईल. सगळ्यांना हायसं वाटलं. हा निर्णय वीस मिनिटांत झाला. पंचवीस फुटांना अकरा बैठका, आणि याला वीस मिनिटं.

मंडळाच्या सचिवांनी त्या दिवशी एक जाड वही आणली होती, पुठ्ठ्याला कापड चिकटवलेली. त्यात कितीतरी वर्षांची वर्गणी, कोण कधी आला, कधी गेला, गावी मयत झाली तर कुणाला किती उचल दिली, सगळं होतं. १९८२ च्या पानांवर ‘संप – माफ’ असं ओळीने लिहिलेलं. त्यांनी ती टेबलावर ठेवली. कुणी उघडली नाही. मीटिंग संपल्यावर ते ती परत पिशवीत घालून घेऊन गेले.

पुढे काय घडलं

२०१५ च्या दिवाळीनंतर चाळ रिकामी झाली. बिल्डरने अकरा महिन्यांच्या भाड्याचे चेक आगाऊ दिले होते. आम्ही पूर्ण मुदतीची बँक हमी मागितली होती, पण ३२५ फुटांच्या सौद्यात ती मागणी ढिली पडली.

पाडकाम करणारा ठेकेदार जानेवारीत आला. आम्ही आतापर्यंत ‘धोकादायक लाकूड’ म्हणत होतो ते त्याने पहिल्याच दिवशी रंधा मारून पाहिलं आणि खूश झाला. गॅलरीच्या बाजूच्या तुळया पावसाने कुजल्या होत्या हे खरं. पण आतल्या खांबांना आणि तुळयांना जवळपास काही झालेलं नव्हतं. शंभर वर्षांचं सागवान, एकेक तुळई उतरवायला सहा माणसं. करारात एक ओळ होती : ‘पाडकामातून निघणारा माल विकासकाचा.’ ती ओळ मी वाचली होती, आणि माल म्हणजे मलबा असं समजून पुढे गेलो होतो. खुंट्यांची फळीही त्याच ट्रकमध्ये गेली.

मग जे अनेक ठिकाणी होतं तेच झालं. २०१७ च्या सुरुवातीला काम जोत्याच्या वर थोडं येऊन थांबलं. भाड्याचे चेक थांबले. लोक बदलापूर, नालासोपारा, दिवा असे विखुरले. दोन म्हातारी माणसं त्या काळात गेली. २०१९ मध्ये बिल्डरने दुसरा भागीदार आणला, काम पुन्हा सुरू झालं, आणि २०२२ मध्ये चाव्या मिळाल्या.

घरं चांगली आहेत. हे सांगायला हवं, कारण पुनर्विकासावर लिहिताना हळहळायची सवय लागते. स्वतंत्र संडास, चोवीस तास नसलं तरी पुरेसं पाणी, लिफ्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या आजींनी संमतीला सगळ्यात जास्त विरोध केला होता, त्या आता म्हणतात, “आधी का नाही केलंत?” त्यांची सून मात्र दुपारी दार उघडून बसते. समोरही दारच आहे, ते बंद असतं. मधला पॅसेज दोन्ही बाजूंनी फ्लॅटमध्ये कोंडलेला, दिवसाही दिवा लावावा लागतो. देखभालीचा हिशोब मी वेगळा मांडत नाही. भाडं दहा-वीसच्या नोटांत देणाऱ्या माणसाला दरमहा हजारांत बिल आलं की काय होतं, ते कळायला आर्किटेक्ट लागत नाही. सहा-सात जणांनी फ्लॅट भाड्याने देऊन टाकला आणि स्वतः लांब राहायला गेले.

गाववाल्यांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आला. पहिले काही महिने समजूतपत्राप्रमाणे चाललं. मग सोसायटीच्या बैठकीत तक्रार आली : एका फ्लॅटमध्ये दहा-बारा माणसं राहतात, रोज नवे चेहरे, गेटवरच्या वहीत कुणाचं नाव लिहायचं? तक्रार करणारे नवीन विकत घेणारे नव्हते. आमच्याच चाळीतले होते, ज्यांनी चाळीस वर्षं त्याच खोलीशेजारी संसार केला होता. गॅलरीत जे खपून जायचं ते लिफ्टमध्ये खपेना. सोसायटीने नातवाला नोटीस काढली, कारण सभासद तोच. नातू घाबरला. शेवटी त्याने मंडळाला काही रक्कम दिली आणि फ्लॅट स्वतःकडे घेतला. समजूतपत्राची नोंदणी झालेली नव्हती. मंडळातल्या कुणालाही गावच्या माणसाला कोर्टात खेचायचं नव्हतं.

त्या रकमेत मंडळाने नालासोपाऱ्याला एक खोली भाड्याने घेतली. तिथून टाटा रुग्णालय म्हणजे लोकल आणि चालणं धरून दीड तास. केमो घेतलेला माणूस त्या गर्दीतून तेवढा प्रवास करत नाही. गावातले पेशंट आता तिथे क्वचितच उतरतात.

वेगळं काय करता आलं असतं

स्ट्रक्चरल ऑडिट बिल्डर यायच्या आधी, रहिवाशांच्या पैशांतून, आपल्या माणसाकडून करून घ्यायला हवं होतं. आमचं ऑडिट संमत्या गोळा झाल्यावर झालं, आणि तोवर कुणालाच ‘इमारत वाचू शकते’ हे ऐकायचं नव्हतं. आतला सांगाडा धड होता हे आम्हाला पाडणाऱ्याकडून कळलं. ते आधी कळलं असतं तर चाळ वाचली असती असं मी म्हणत नाही. संडासाचा प्रश्न मोठा होता आणि १२० फुटांत तो सुटत नव्हता. पण वाटाघाटीत आमचा हात वर राहिला असता. “आज ना उद्या पडणारच आहे” या एका वाक्यावर बिल्डरने किती तरी सवलती मिळवल्या. लाकडाच्या किमतीवर तरी आम्ही हक्क सांगितला असता.

गाववाल्यांच्या खोलीबाबत माझी चूक सल्ल्याच्या दिशेत होती. मी नातवाचा हक्क पक्का आणि गाववाल्यांचा कच्चा धरला. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारल्यावर हक्क आधी जातो तो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे; तसा कुणी नसेल तरच वारसाकडे, आणि एकमत नसेल तर तो वारस कोर्ट ठरवतं. नातवाच्या घरातलं कुणीही त्या खोलीत राहिलेलं नव्हतं. म्हणजे त्याचाही दावा कच्चाच होता. दोन कच्चे दावे असताना मी सोयीचा निवडला आणि त्याला कायदेशीर म्हटलं. जुनी मतदार यादी, ती वही, मालकाच्या कारकुनाने मंडळाच्या माणसांकडून भाडं घेतल्याच्या नोंदी, एवढं घेऊन सुनावणीला जायला हवं होतं. हरलो असतो तरी नातू आणि मंडळ यांना एकत्र उभं राहून मालकाविरुद्ध हरता आलं असतं. आणि समजूतपत्रच करायचं होतं, तर ते नोंदवून, सोसायटी स्थापन होण्याआधी कमिटीच्या ठरावात घ्यायला हवं होतं. नव्या सोसायटीला ते पाळायची सवय पहिल्या दिवसापासून लागली असती.

बँक हमीबद्दल फार लिहीत नाही, ते आता सगळ्यांना माहीत आहे. एकच : संमतीची अट आता ५१ टक्क्यांवर आली आहे. आमच्या वेळी नाराज राहिलेल्या पंधरा जणांचा आवाज कमिटीला ऐकावा लागत होता. ५१ मध्ये तेवढंही ऐकावं लागणार नाही. हमीचा आग्रह धरणारे बहुतेक त्या पंधरांतलेच होते.

गेल्या वर्षी बाजूच्या गल्लीतल्या एका चाळीचं काम माझ्याकडे आलं. तिथे अशा दोन खोल्या आहेत, एक मंडणगडची, एक साताऱ्याकडची. मोजणीच्या पहिल्या दिवशी मी टेप बाहेर काढला नाही. दोन्ही मंडळांच्या वह्या पानापानाचे फोटो काढून घेतले, खुंट्यांखालची नावं उतरवली आणि मतदार यादीशी ताडून पाहिली. साताऱ्याच्या खोलीतली एकोणीस नावं जुळली. ती एकोणीस नावं एकाच अर्जात लावली आहेत. मंडणगडवाल्यांच्या पावतीवरच्या माणसाचा मुलगा हयात आहे आणि तो मंडळासोबत सही करायला तयार नाही. त्याच्याशी अजून बोलणी चालू आहेत.